कारखानीसांची किळस

सुबोध कारखानीसांनी एकतीस वर्षं परक्या माणसांच्या विष्ठेचे नमुने तपासले, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांना एकदाही उमासा आला नाही. लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत ते कृमींवर काम करायचे. बाराबंकी, हरदोई, सीतापूरकडच्या गावांतून झाकणाच्या छोट्या डब्या यायच्या, वर चिकटपट्टीवर नाव आणि तारीख. मे महिन्याच्या उन्हात गाडीतून आलेली डबी उघडली की नवी मुलं दाराकडे धावायची. कारखानीस शांतपणे हातमोजे चढवायचे, काचपट्टीवर थेंब घ्यायचे, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचे आणि दुपारी तिथूनच डबा खायला जायचे. कुणी तोंड वाकडं केलंच तर म्हणायचे, "किळस ही अज्ञानाची खूण आहे."

मूळचे सांगलीचे. नोकरीसाठी आले, जानकीपुरमला घर बांधलं, निवृत्त झाले आणि तिथलेच होऊन राहिले.

घरातली घाण मात्र त्यांना सोसायची नाही. मोरीच्या जाळीत अडकलेले केस, सिंकमध्ये फुगून पांढरी झालेली भाताची शितं, फ्रीजच्या मागच्या कप्प्यात बुरशी धरलेली सब्जी, असलं काही दिसलं की ते दोन पावलं मागे सरत आणि हाक मारत, "कौमुदी, हे बघ जरा." कौमुदी यायची, त्यात हात घालायची, ओंजळभर काहीतरी ओलं काढून टाकायची आणि हात धुऊन पुन्हा आपल्या वह्या तपासायला बसायची. ती डिग्री कॉलेजात संस्कृत शिकवायची. चाळीस वर्षं तो हात आत जाताना आणि बाहेर येताना कारखानीसांनी पाहिला. त्या हाताला काय वाटत असेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात एके सकाळी कौमुदी दोडक्याच्या शिरा काढत ओट्याशी उभी होती. सोलाणं तिच्या हातून पडलं. ते उचलायला ती वाकली ती उठलीच नाही. बारा दिवसांनी इस्पितळातून घरी आली तेव्हा तिचा उजवा हात आणि उजवा पाय नुसते अंगाला लागलेले होते, आणि बोलण्यातला एकच शब्द उरला होता. नको. हो म्हणायचं असलं तरी नको, भूक लागली तरी नको, आनंद झाला तरी नको. डॉक्टर म्हणाले, शब्द येतील हळूहळू, समजतंय त्यांना सगळं.

आया म्हणून रामरती मिळाली. सीतापूरकडची, पन्नाशीची, दणकट बाई. ती घरातच राहायची. रोज सकाळी ती कोपऱ्यातली बादली उचलायची, की कारखानीस मोबाइल कानाला लावून व्हरांड्यात जायचे. पलीकडे कुणी नसायचं. आतून पाण्याचा आवाज थांबेपर्यंत ते रस्त्यावरचे भाजीवाले बघत उभे राहायचे.

रामरतीच्या हे लक्षात आलं होतं. एकदा ती दारात येऊन म्हणाली, "बाबूजी, एक बार अंदर आइए, देख लीजिए, सीख जाइए. हम हमेशा थोड़े रहेंगे."

"हाँ हाँ, देखेंगे," ते म्हणाले आणि पुन्हा मोबाइल कानाला लावला.

नोव्हेंबरच्या शेवटी रामरतीच्या सुनेला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या. निरोप आला आणि तासाभरात बाई पिशवी घेऊन निघून गेली. आया पुरवणाऱ्या एजन्सीवाल्यानं फोनवर सांगितलं, "कल भेजते हैं, सर." दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता कारखानीसांनी खोलीचं दार ढकललं, आणि वास तोंडावर येऊन आदळला.

खिडकी उघडली तर गार वारं आत आलं, म्हणून लावून घेतली. मग त्यांनी जय्यत तयारी केली. तोंडाला दोन मास्क. प्रयोगशाळेतून उरलेले लांब हातमोजे. डेटॉलची बाटली. आणि स्वयंपाकघरातला पोळ्या भाजायचा चिमटा. त्या चिमट्यानं त्यांनी डायपरची कड धरून ओढली. खालची चादर भिजली होती, कौमुदीची पाठ कंबरेपर्यंत माखली होती. त्या घाणीत काय काय असतं हे लखनौमध्ये त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण डबीतल्या नमुन्यांना कधी गरम अंग नव्हतं, आणि त्या अंगावर ओळखीचा तीळ नव्हता. त्यांनी कापसाचा बोळा चिमट्यात धरून एकदा पुसलं, दुसऱ्यांदा पुसलं, आणि मास्क ओढत बेसिनकडे पळाले. पोटात काही नव्हतं तरी बराच वेळ ओकत राहिले.

परत आले तेव्हा कौमुदी उघडीच पडून होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, पलंगाच्या काठावर ठेवलेल्या चिमट्याकडे बघत होती.

"नको," ती म्हणाली.

थंडी वाजत असेल असं समजून त्यांनी तिच्या अंगावर तशीच रजई टाकली.

मुलगी क्षितिजा बंगळूरला. ती लखनौत जन्मली, वाढली. मराठी कळायचं सगळं, उत्तर हिंदीतून यायचं. कारखानीसांनी फोन केला तेव्हा ती मीटिंगमधून बाहेर येऊन बोलली.

"बाबा, यूट्यूब पर सब है. मैं लिंक भेजती हूँ. मार्च से पहले छुट्टी नहीं मिलेगी, समझिए ना."

"अगं, पण हे माझ्याच्यानं होत नाही."

"आई करती थीं ना सबका? मेरा, दादी का. कोई ट्रेनिंग ली थी क्या उन्होंने?"

कारखानीसांनी फोन ठेवला. त्यांच्या आईची शेवटची आठ महिने कौमुदीनंच सेवा केली होती, याच खोलीत. त्या आठ महिन्यांत आपण कुठे होतो हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. व्हरांड्यातच असणार.

एजन्सीकडून आया आली तिसऱ्या दिवशी, तीही नऊ ते पाच. रामरती परतली नाही, आणि पुढे दर चार-पाच दिवसांनी आयाचा चेहरा बदलायचा. म्हणजे सकाळ आणि संध्याकाळ त्यांच्यावर. लिंका त्यांनी उघडून पाहिल्या. त्यात स्वच्छ कपड्यातली हसरी माणसं रबराच्या बाहुलीला कुशीवर वळवत होती. त्यांनी ते बंद केलं. चिमटा चालूच राहिला.

मग जे झालं ते त्यांनी ठरवून केलं नाही. निदान पहिल्या दिवशी तरी नाही. एका दुपारी कौमुदीला झोप लागली, दुपारचा चहा राहिला, पाणी राहिलं, आणि संध्याकाळी डायपर जवळपास कोरडा निघाला. कारखानीसांनी ते नोंदवलं, नुसतं मनात. दुसऱ्या दिवशी चहा अर्धा कप दिला. आठवड्याभरात त्यांचा प्रयोग पुरा झाला होता. दुपारी दोननंतर काही नाही आणि त्याआधी अर्धा पेला, असं ठेवलं की संध्याकाळ सुटते आणि सकाळीही हात फार बुडवावा लागत नाही. आयांना त्यांनी सांगून ठेवलं, "डॉक्टर ने मना किया है. ज़्यादा पानी से खाँसी उठती है." आया बिचाऱ्या मान डोलवायच्या. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण विचारणार?

कौमुदी डाव्या हातानं तिपाईवरच्या स्टीलच्या तांब्याकडे बोट दाखवायची. "नको," म्हणायची. "नको, नको." कारखानीस तिची उशी सारखी करायचे. शाल वर ओढायचे. पंख्याकडे बघून म्हणायचे, "पंखा बंदच आहे, डिसेंबर आहे ना." तिचं बोट तांब्यावरच असायचं. त्यांना ते कळत होतं. पहिल्या दिवसापासून कळत होतं.

जानेवारीच्या सुरुवातीला धुकं पडलं आणि कौमुदीला ताप भरला. ती दिवसभर ग्लानीत राहू लागली, लघवीला भयंकर वास येऊ लागला. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये तिला दाखल केलं, सलाईन लावलं. तरुण डॉक्टरनं रिपोर्ट बघितले.

"यूरिन इन्फेक्शन है. काफ़ी बढ़ा हुआ है. पानी कम पीती हैं क्या?"

"पीती ही नहीं," कारखानीस म्हणाले. "हम तो बहुत कहते हैं."

कौमुदीनं डोळे उघडले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ताप होता, आणि त्यामागे ती पूर्ण जागी होती. जिला बोलता येत नाही तिच्या तोंडावर आपण तिच्याबद्दल खोटं बोललो, हे कारखानीसांना डॉक्टर खोलीबाहेर गेल्यावर उमगलं. त्यांना उमासा आला. खोलीत कसलाही वास नव्हता. लायझॉलनं पुसलेली फरशी होती, धुतलेली चादर होती. तरी ते बाथरूममध्ये जाऊन बेसिनला धरून उभे राहिले.

संक्रांतीच्या दिवशी नर्सिंग होममध्ये लतिका घोरपडे भेटायला आल्या. फलटणच्या. लष्करी इस्पितळांत परिचारिका म्हणून सव्वीस वर्षं काढून मेजर होऊन निवृत्त झालेल्या, आणि नवऱ्याच्या पश्चात लखनौतच राहिलेल्या. मराठी मंडळींच्या गणपतीत कारखानीसांची त्यांच्याशी तोंडओळख होती. हातात तिळगुळाची डबी होती, पण ती त्यांनी उघडली नाही. आधी कौमुदीचे फाटलेले ओठ पाहिले. मग, "वहिनी, जरा कुशीवर घेते हं," असं तिला सांगून, एका हातानं खांदा आणि दुसऱ्या हातानं कंबर धरून तिला हलकेच वळवलं. माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल चट्टा होता. त्यांनी तो बघितला, गाऊन सारखा केला आणि कारखानीसांना बाहेर यायची खूण केली.

"घरी पाणी कोण देतं?"

"मी. म्हणजे आया असते दिवसा, पण डॉक्टरांनी..."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

कारखानीसांनी खोलीचं दार ओढून घेतलं.

"साहेब," लतिकाबाई म्हणाल्या, "बिछाना ओला होऊ नये म्हणून पाणी तोडणारे तुम्ही पहिले नवरे नाही. मी सुभेदार बघितलेत, कर्नल बघितलेत. शास्त्रज्ञ पहिल्यांदा बघतेय."

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते कारखानीसांनी लगेच ओळखलं. मे महिन्यात डबी उघडल्यावर नवी मुलं त्या डबीकडे जसं बघायची, तसं त्या त्यांच्याकडे बघत होत्या.

"मला जमत नाही हो," ते म्हणाले. "मला खरंच सोसत नाही."

"कुणाला सोसतं? मला आजही सोसत नाही." त्या पायऱ्यांकडे वळल्या. "शनिवारी अकरा वाजता सामुदायिक केंद्रात या. आमचा वर्ग असतो. वास झाकायला शिशीभर अत्तर लावून येऊ नका म्हणजे झालं."

वर्गाचं नाव लतिकाबाईंनी साध्या हिंदीत खडूनं फळ्यावर लिहिलेलं होतं, 'बुढ़ापे की तैयारी'. साठीपुढची दहा-बारा माणसं. पडलं तर आधार धरून उठायचं कसं, एका हातानं शर्टाची बटणं लावायची कशी, गॅसचा सिलिंडर बदलायचा कसा, गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचून डबीत लावायच्या कशा, अंथरुणातल्या माणसाखालची चादर त्याला न उठवता बदलायची कशी. अमीनाबादच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका रिज़वी आपा सत्तरीत पहिल्यांदा फ्यूज बदलायला शिकत होत्या. रेल्वेतून निवृत्त झालेले मिश्राजी, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, खिचडी शिकत होते. ती खिचडी खाली लागली होती, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कारखानीसांना त्या टाळ्यांचीच शिसारी आली. म्हातारपणी डाळ-तांदूळ शिजवले म्हणून टाळ्या! हॉलमध्ये करपल्याचा, फिनाइलचा आणि दमट लोकरी कपड्यांचा वास होता. पंधरा मिनिटांत निघायचं असं त्यांनी ठरवलं.

लतिकाबाईंनी त्यांना खाटेवर झोपायला सांगितलं.

"मी शिकायला आलोय, पेशंट व्हायला नाही."

"हेच शिकायचंय. झोपा."

त्यांच्या पायजम्यावरून मोठा डायपर चढवला गेला. मिश्राजींनी चिकटपट्ट्या लावल्या. मग लतिकाबाईंनी थर्मासमधून कोमट पाणी घेऊन पेलाभर त्यात ओतलं. त्याआधी मूठभर खारे शेंगदाणे खायला लावले होते. "आता तासभर असंच. पाणी हवं तर मागा, पण बोलायचं नाही. तुम्हाला फक्त नको म्हणता येतं."

पहिली पाच मिनिटं कारखानीस छताकडे बघत मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होते. मग ते पाणी गार व्हायला लागलं. ओल मांड्यांच्या मागून पाठीकडे सरकली. कातडी खाजायला लागली, पण हात घालणार कसा. रिज़वी आपा समोर बसून विणत होत्या. विसाव्या मिनिटाला घसा कोरडा पडला. त्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं. मिश्राजी उठून आले, गोड हसले, आणि त्यांच्या डोक्याखालची उशी सारखी केली.

"नको," कारखानीस म्हणाले.

मिश्राजींनी शाल पांघरली. ते लबाडी करत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. कारखानीसांनी पुन्हा बोट दाखवलं, मिश्राजींनी खिडकी लावली. कारखानीसांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं असं त्यांनी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. त्यांना आपल्या ओल्या पायजम्याची घाण वाटत होती, आपल्या कोरड्या जिभेची घाण वाटत होती, आणि सगळ्यात जास्त त्या हाताची, जो महिनाभर तांब्याऐवजी उशीकडे जात होता. मिश्राजींना ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं.

तास संपल्यावर मिश्राजींनीच त्यांचा डायपर सोडला. हात गार होते, आणि मिश्राजींनी नाक एका बाजूला वळवलं होतं. नुसतं थर्मासमधलं पाणी, तरी वळवलं होतं. "माफ़ कीजिएगा, भाई साहब," ते पुटपुटले. कारखानीस घरी रिक्षातून गेले, ओल्या पायजम्याखाली वर्तमानपत्र घेऊन.

पण पुढच्या शनिवारी ते गेले, आणि त्याच्या पुढच्याही. लतिकाबाई शिकवताना दयामाया करायच्या नाहीत. आधी सांगा, मग हात लावा. हात आधी चोळून गरम करा. अंगाचा जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी झाकलेला. समोरून मागे पुसायचं, उलट नाही. चादर लांबीत अर्धी गुंडाळून पाठीशी सारायची, माणूस गुंडाळीवरून पलीकडे वळवायचा, मग ओढून घ्यायची. बोलत राहायचं, पण हवापाण्याचं बोलायचं, घाणीबद्दल नाही. आणि तोंड! "तोंड कसलं केलंय बघा आरशात," त्या म्हणायच्या. "वास येतो तर तोंडानं श्वास घ्या. त्यांना तुमचं तोंड दिसतं, नाक नाही दिसत." कारखानीसांनी आरशासमोर उभं राहून आपला चेहरा सरळ ठेवण्याचा सराव केला. एकोणसत्तराव्या वर्षी. त्याचीही त्यांना लाज वाटली.

कौमुदी घरी आली होती. पाणी आता वेळेवर, मोजून आठ पेले. चिमटा कारखानीसांनी कचऱ्याच्या गाडीत टाकला. सकाळी बादली घेऊन ते आत जायचे, सांगायचे, "कौमुदी, आता मी तुला डावीकडे वळवतोय," आणि वळवायचे. उमासा रोज यायचा. तो गळ्यापर्यंत यायचा, ते तोंडानं श्वास घ्यायचे, तो खाली जायचा. त्यांना वाटलं होतं, महिनाभरात सवय होईल. झाली नाही.

आणखी एक गोष्ट होत होती. ज्या क्षणी त्यांचे हात तिच्या कातडीला लागायचे, त्या क्षणी कौमुदी आक्रसायची. आयाच्या हातांना ती तसं करत नसे. डोळे मिटायची, मान भिंतीकडे, आणि "नको". या नकोचा अर्थ नको हाच होता. आपली किळस ही एवढी मोठी अडचण म्हणून ते वर्गात जात होते. आपल्या हातांची कुणाला किळस येत असेल हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

फेब्रुवारीत तिला शब्द येऊ लागले, तुटक तुटक. एका दुपारी कोवळं ऊन खोलीत आलं होतं. कारखानीस तिच्या पायाला तेल लावत होते. ती अंग चोरून बसली होती. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"कौमुदी, मी तुला पाणी देत नव्हतो. डॉक्टरनी काही सांगितलं नव्हतं. मला डायपर बदलायला लागू नये म्हणून देत नव्हतो. आणि इस्पितळात मी खोटं बोललो."

कौमुदी बराच वेळ ओठांची जुळवाजुळव करत राहिली.

"मा... हीत," ती म्हणाली.

"तुला माहीत आहे हे मलाही माहीत होतं."

"शी," ती म्हणाली. हा शब्द अजिबात तुटला नाही, एका दमात आला.

मग तिनं डावा हात तांब्याकडे नेला. त्यांनी पेला भरून दिला. ती सगळा प्यायली. पेला पुढे केला. त्यांनी पुन्हा भरला, तोही ती प्यायली, सावकाश, घोटाघोटाला त्यांच्याकडे बघत. तिसरा पेला अर्धा हनुवटीवरून सांडला, पण संपवला. मग ती उशीला टेकून वाट बघत राहिली. तासाभरानं रजई, चादर, गाऊन, सगळं भिजलं. तिनं मुद्दाम डायपरच्या पट्ट्या डाव्या हातानं सोडल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघत होती.

कारखानीस उठले, बादली आणली, हात चोळले. वास होता. उमासा आला. त्यांनी तोंड सरळ ठेवायचा प्रयत्न केला आणि त्यांना ते जमलं नाही. चेहरा वाकडा झाला तो झालाच. तरी हात थांबले नाहीत. चादर गुंडाळली, तिला वळवलं, ओढून घेतली, पुसलं, कोरडं केलं, पावडर लावली. दुसऱ्या गाऊनची बटणं लावताना त्यांच्या लक्षात आलं की ती आक्रसलेली नाही. सैल पडून राहिली होती, थकून.

तिनं क्षमा केली असं म्हणता येणार नाही. त्यांनी ती मागितलीही नाही.

मार्चमध्ये क्षितिजा आठ दिवसांसाठी आली. बापाला आईची चादर बदलताना पाहून तिनं दारातूनच फोन उचलला. "बाबा, रुकिए, एक वीडियो! आप तो हीरो हो गए, यार!"

"फोन ठेव," कारखानीस एवढ्या जोरात ओरडले की क्षितिजा दचकली. "हे दाखवायचं नसतं. तुझ्या आईनं चाळीस वर्षं केलं, तेव्हा कुणी काढला होता?"

पलंगावरून कौमुदीच्या नाकातून फुस्स असा आवाज आला. हसू होतं की हेटाळणी, दोघांनाही सांगता आलं नसतं.

क्षितिजानं मग रात्रीच्या जेवणानंतर भांडी घासायला घेतली. कारखानीसांनी सिंकची जाळी स्वतः काढली, त्यातला लिबलिबीत गोळा बोटांनी उचलून कचऱ्यात टाकला आणि भिंतीला हात टेकून क्षणभर उभे राहिले. तो गार, बुळबुळीत स्पर्श बोटांवरून साबणानं जात नव्हता.

एप्रिलपासून कौमुदी वॉकर धरून चालायला लागली. बाथरूमपर्यंत स्वतः जायची. दार आतून लावायची नाही, पण त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. मे महिन्यात ती म्हणाली, मलाही वर्ग. एका हातानं पदर सावरायला, पोळी मोडायला शिकायचं होतं तिला. कारखानीसांनी ई-रिक्षा बोलावली, तिला धरून बसवलं, हॉलमध्ये पंख्याखालच्या खुर्चीपर्यंत नेलं.

त्या दिवशी भरवण्याचा धडा होता. दोघादोघांच्या जोड्या करायच्या आणि एकानं दुसऱ्याला वाटीभर दलिया भरवायचा, घास गिळल्याची खात्री करून मगच पुढचा चमचा. कारखानीस वाटी घेऊन कौमुदीसमोर बसले. तिनं मान हलवली.

"नको," ती म्हणाली, आणि डाव्या हाताचं बोट हॉलच्या पलीकडे केलं. "मि... श्राजी."

लतिकाबाईंनी मिश्राजींना बोलावलं. मिश्राजी ओशाळले, खुर्ची ओढून बसले. "भाभीजी, पहले थोड़ा सा," ते म्हणाले. अर्धा चमचा. थांबले. तिच्या गळ्याकडे नीट बघितलं. ती गिळेपर्यंत चमचा वाटीतच ठेवला. मग पुढचा.

कारखानीस हातात वाटी घेऊन बघत राहिले. मिश्राजींना शिकून वर्षही झालं नव्हतं. बायको गेली तेव्हा त्यांना चहाही येत नव्हता, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं. दलियाचा एक थेंब कौमुदीच्या हनुवटीवर आला आणि मिश्राजींनी तो रुमालानं टिपला. कारखानीसांचा हात खिशातल्या स्वतःच्या रुमालाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"साहेब," लतिकाबाई म्हणाल्या, "रिज़वी आपांना जोडीदार नाही."

ते उठले. रिज़वी आपांनी विणकाम बाजूला ठेवलं, चष्मा काढला, पदर मांडीवर नीट पसरला आणि तोंड उघडलं. त्यांच्या दातांची कवळी सैल होती. कारखानीसांनी तोंडानं श्वास घेतला.

"आपा," ते म्हणाले, "पहला चम्मच दे रहा हूँ."